शू आणि श्शू

मी रागीट नाही, माझा आवाज मोठा आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की घरात सगळ्यांना पाठ झालंय. माझी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या प्रेस शॉपमध्ये गेली. तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पाना मागायचा तरी ओरडावं लागतं. शिफ्ट सुटते, पण घसा काही लगेच सुटत नाही. त्यात सावेडीतल्या आमच्या रो-हाऊसच्या भिंती अशा, की शेजारी पापड भाजला तर आमच्याकडे भूक लागते. मग मी 'चहात साखर कमी आहे' म्हटलेलं पलीकडे ऐकू जाणारच. म्हणून मी बोलायला लागलो की बायको म्हणायची, "श्शू." ओठांवर बोट आणि डोळे शेजारच्या भिंतीकडे. लग्न झाल्यापासून ती हे म्हणत आली होती आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मला ऐकूच येईनासं झालं होतं.

ते मला ऐकू आलं एका कुत्र्याच्या पिल्लामुळे.

आमची वस्ती पुणतांब्याला. थोरला भाऊ तिथली शेती बघतो. दिवाळीत आम्ही तिघं वस्तीवर गेलो होतो, मी, बायको आणि आठवीतली मुलगी. ऊसतोड नुकतीच सुरू झाली होती. ऊस उभा असतो तोवर बिबट्या आत दडून असतो, तोड सुरू झाली की त्याचं लपण जातं आणि तो वस्त्यांच्या कडेकडेने फिरायला लागतो. आम्ही पोचलो त्याच्या चार दिवस आधी त्याने भावाची कुत्री अंगणातून उचलली होती. तिची तीन पिल्लं मागे राहिली, त्यातली दोन टिकली नाहीत. तिसरं गोणपाटाच्या घडीत पडून कुईकुई करत होतं. जेमतेम पाच आठवड्यांचं, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. मुलीने ते उचललं ते खाली ठेवायलाच तयार होईना.

"घिऊन जा," भाऊ म्हणाला. "हितं ठिवलं तर त्यो ह्यालाबी उचलील. मी काय चोवीस तास राखन बसू का?"

मी नको म्हणालो. मुलगी माझ्यासमोर कधी हट्ट करायचीच नाही. शहाणी पोर, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो. ती फक्त पिल्लाला धरून उभी राहिली आणि मी नको म्हणत असतानाच मला कळलं की मी हरलोय. तरी पडती बाजू घ्यायची माझी रीत नाही. मी अट घातली. संक्रांतीपर्यंत त्याचं चावणं आणि घरात घाण करणं थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर ते परत वस्तीवर. वस्तीवर परत म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मुलीने मान हलवली.

येताना राहात्यापर्यंतही पिल्लू शांत बसलं नाही. एसटीत मुलीच्या मांडीवरच्या पिशवीतून तोंड बाहेर काढून त्याने आधी पिशवीचा बंद कुरतडला, मग तिची बोटं, मग शेजारच्या बाईंच्या पदराचं टोक. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, दात शिवशिवतात त्याचे. मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसलो. माझी अस्वस्थता तेव्हापासूनची. मला एका जागी बसवेना. घरी आल्यावरही मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचो. कुठे काय ओलं झालंय, कुठली चप्पल गायब आहे, हेच बघत.

चावण्याचं म्हणाल तर त्याने घरात कोणाला सोडलं नाही. बायको झाडायला वाकली की ते झाडूला लटकायचं, आणि झाडू सुटला की तिच्या मनगटाला. भांडी घासायला बसली की टाचेला. मुलीचे हात तर बघवत नव्हते. सुया टोचाव्यात तसे बारीक लाल ठिपके कोपरापर्यंत. शाळेतल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मुलीने हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. लोक काय काय समजतात, असं वाटून मी चिडलो आणि बाईंना फोन लावतो म्हणालो. बायको म्हणाली, श्शू.

आम्ही त्याला लस द्यायला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी मुलीचे हात बघितले आणि समजावून सांगितलं. पिल्लं एकमेकांना चावूनच शिकतात, म्हणाले. एकाने जोरात दात लावला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. मग पहिल्याला कळतं, एवढ्या जोरात चावलं की खेळ संपतो. याला ना आई राहिली ना भावंडं, तर हे त्याला कोण शिकवणार? "तुम्हीच त्याची भावंडं व्हा," ते म्हणाले. "दात लागला की केकाटा आणि पाठ फिरवा. हात झटकू नका, त्याला तो खेळच वाटतो. आणि चावायला दुसरं काहीतरी द्या, ओल्या फडक्याला गाठ मारून द्या."

आमच्या घरात केकाटणं सुरू झालं. "आई गंऽऽ!" असं मुलगी ओरडायची आणि भिंतीकडे तोंड करून पुतळ्यासारखी उभी राहायची. पिल्लू गोंधळून खाली बसायचं. बायको सुरुवातीला लाजली, मग तिचाही आवाज सुटला. तिसऱ्या दिवशी तिने असा काही सूर लावला की शेजारच्या वहिनी धावत आल्या. काय झालं हो, म्हणाल्या. बायकोने पिल्लू दाखवलं. वहिनींनी पिल्लाकडे बघितलं, मग बायकोच्या खांद्यावरून आत सोफ्यावर बसलेल्या माझ्याकडे बघितलं आणि मग हसल्या. मधल्या त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. बाई भोचक आहे, एवढंच मी मनात म्हणालो.

मुलीने दुकानातून त्याला चघळायला खेळण्यातलं हाड आणलं. "हाड घे, हाड," असं ती लाडाने म्हणाली आणि पिल्लू शेपूट घालून पलंगाखाली पळालं. पाच आठवडे का होईना, ते वस्तीवर वाढलं होतं. तिथे 'हाड' म्हणजे चूल सोडून पळ. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मी हसलो हे मला पक्कं आठवतं, कारण मी हसायला लागल्यावर त्या दोघी थोड्या थांबल्या होत्या आणि मग पुन्हा हसल्या.

एक मात्र होतं. मला ते कधी चावलं नाही. कधीच नाही. मी खुर्चीत बसलो की ते दाराच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं आणि पंजावर तोंड ठेवून माझ्याकडे नुसतं बघायचं. "बघा," मी बायकोला म्हणायचो, "घरात मालक कोण आहे ते जनावराला बरोबर कळतं. तुम्ही दोघी त्याला डोक्यावर चढवून ठेवता." डॉक्टरांनाही मी हे सांगितलं. त्यांनी मान वर केली. "कधीच चावत नाही?" त्यांनी विचारलं. मी छाती काढून नाही म्हणालो. ते म्हणाले, "घरी आल्यावर लगेच त्याच्याकडे बघू नका. वरून हातही लावू नका. थोडा वेळ खाली बसा, दुसरीकडे तोंड करून." स्वतःच्या घरात मी दुसरीकडे तोंड करून बसू? डॉक्टर लोकांना काहीतरी सांगावंच लागतं, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

शूचं काम मुलीने अंगावर घेतलं होतं. मागच्या दाराबाहेर कपडे धुवायच्या दगडाजवळ मातीचा एक पट्टा आहे, त्यात कढीपत्त्याचं झाड. झोपून उठलं की, खाऊन झालं की, खेळून दमलं की ती त्याला उचलून त्या झाडापाशी न्यायची आणि म्हणायची, "शूऽऽ, शूऽऽ." लहान मुलाला मोरीत धरून आई जसं म्हणते, अगदी तसंच. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे ते शिकवावं लागत नाही. पिल्लाला पंधरा दिवसांत त्या आवाजाचा अर्थ कळला. शू म्हटलं की ते पाय फाकवून मोकळं व्हायचं. ती टाळ्या वाजवायची आणि शेंगदाण्याचा एक दाणा द्यायची. मला हे मागच्या खिडकीतून दिसायचं. चांगलं वाटायचं, पण मी तसं बोललो नाही.

आणि तरी रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत, दारापाशी, ओलं व्हायचंच. मी शिफ्ट करून यायचो, डबा ठेवायचो, काहीतरी बोलायचो आणि माझ्या डोळ्यांदेखत फरशीवर ओघळ. माझं डोकं फिरायचं. मी ओरडायचो. बायको म्हणायची, श्शू. आणि ओघळाचं तळं व्हायचं.

एके दिवशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी जेवता जेवता ताटावर हात आपटला. "सापडलं! अगं, हे सगळं तुझ्यामुळे होतंय!" बायकोने घास खाली ठेवला. मी समजावून सांगितलं. मुलगी त्याला शिकवते 'शू'. तू मला गप्प करतेस 'श्शू'. त्या बिचाऱ्याला काय फरक कळणार? तू श्शू म्हणतेस, त्याला वाटतं हुकूम झाला, ते मोकळं होतं! इंजिनिअर लोकांना सापडला नसता असा दोष मी शोधून काढला होता. मी कारखान्यातही हा किस्सा सांगितला आणि लोक खूप हसले. घरी मी जाहीर केलं की आजपासून या घरात कोणी श्शू म्हणायचं नाही.

ते पाळलं गेलं. माझ्या घरात मी सांगितलेलं पाळलं जातं. मुलीने झाडापाशी 'शू'च्या जागी 'चल चल' सुरू केलं आणि पिल्लाने तेही उचललं. बायको श्शू म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायला लागली, तळवा माझ्याकडे. आता घरात तो आवाज नव्हता, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो किती असायचा. बातम्या बघताना हात वर. फोनवर बोलताना हात वर. भाजीत मीठ जास्त झालं, हात वर. मुलगी अभ्यासाला बसली आणि मी तिच्या वहीत डोकावलो, लगेच हात वर. मला त्या हाताचा वीट आला. यापेक्षा श्शू बरं होतं.

आणि ओलं व्हायचं थांबलं का? अजिबात नाही. मी दारात पाऊल टाकलं की व्हायचं. कोणी काही म्हणायच्या आधी.

मग मी वस्तीवरचा जुना उपाय केला. मान धरून त्याचं नाक त्या ओल्यावर घासलं. आमच्याकडे सगळी कुत्री अशीच शिकली, असं मी म्हणालो. डॉक्टरांनी हे करू नका म्हणून बजावलं होतं. त्याला मागचं आठवत नाही, त्याला फक्त तुमचा हात आठवतो, असं ते म्हणाले होते. मुलीने मला त्याची आठवण करून दिली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी दार उघडून बाहेर गेल्यावर तिने त्याचं तोंड पुसलं. मी ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिलो. मला राग कोणाचा आलाय तेच कळत नव्हतं. त्याच तिरमिरीत मी भावाला फोन केला आणि सांगितलं, भोगीला मार्केटला कांदा घेऊन येशील तेव्हा हे कुत्रं घेऊन जा.

संक्रांतीला आठवडा राहिला असेल. कारखान्यात लाइट गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद केली, कारण पुढे कोणीतरी वाळू टाकून ठेवली होती. गाडी ढकलत फाटकापाशी आलो आणि थांबलो. आमच्या घरातून आवाज येत होते. बायको मोठमोठ्याने ओरडत होती, "सोड मेल्या! माझा पदर सोड! आई गंऽऽ! अगं बघ तुझं कार्टं!" आणि मुलगी खिदळत होती, खोकला येईपर्यंत. मध्येच पिल्लाचं भुंकणं. भांडं पडल्याचा आवाज, आणि भांडं पडलं म्हणून आणखी हसणं. मला क्षणभर वाटलं, मी चुकून दुसऱ्याच्या फाटकापाशी उभा आहे. इतकी वर्षं मी त्या घरात राहतोय. ते घर एवढ्या मोठ्याने बोलतं हे मला माहीत नव्हतं. आणि शेजाऱ्यांची काळजी तेव्हा कोणालाच नव्हती.

मी फाटकाची कडी काढली. तिचा खटका वाजला आणि आतलं सगळं एकदम थांबलं. मी आत गेलो तर बायको पदर नीट करत होती. मुलगी पुस्तक उघडून बसली होती. पिल्लू माझ्याकडे बघत, मान खाली घालून, पोट जमिनीला लावून दोन पावलं पुढे आलं, शेपटीचं टोक हलवलं आणि तिथेच त्याला शू झाली. मी एक अक्षर बोललो नव्हतो.

"आज लवकर?" बायकोने विचारलं. "लाइट गेली," मी म्हणालो. आणि मग मला भयंकर राग आला. मला बघून सगळं थांबतं म्हणून आला होता, पण मी ओरडलो फरशीवरून. दिवसभर घरी बसून दोघींना एक कुत्रं सांभाळता येत नाही, वगैरे. संक्रांत जवळ आली आहे, एवढंही मी ऐकवलं. त्या दिवसानंतर मुलगी जेवायला सगळ्यात आधी बसायची आणि सगळ्यात आधी उठायची.

भोगीच्या सकाळी भाऊ आला. मी अंघोळीला गेलो होतो. बायको स्वयंपाकघरात बाजरीच्या भाकरी थापत होती. भावाने टेम्पोतून उसाची कांडकी, बोरं, हरभऱ्याचे घाटे असं सगळं आणून ओट्यावर ठेवलं आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. खुर्चीवर बसणं त्याला कधी जमलं नाही. न्हाणीच्या दाराच्या फटीतून मला दिसत होतं. पिल्लू त्याच्या मांडीवर चढलं होतं आणि त्याच्या जाड बोटाला लोंबकळत होतं. "आरं आरं आरं, मेलो की," भाऊ खोटं खोटं केकाटत होता. पिल्लाने लगेच बोट सोडलं आणि ते चाटायला लागलं. म्हणजे चावणं थांबलं होतं. मुलीने तिच्या वाट्याचं काम पुरं केलं होतं, संक्रांतीच्या आत. ती त्याच्यासमोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिच्या बाजूला पिल्लाचं ताट आणि ते गाठ मारलेलं फडकं एका पिशवीत भरून ठेवलेलं होतं. तिने स्वतःच भरून ठेवलं होतं. मी सांगायचीही वाट तिने बघितली नव्हती.

मी टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलो. भाऊ भेटला की मला बरंच वाटतं. मी आनंदाने म्हणालो, "दादा! कधी आलास?"

पिल्लू त्याच्या मांडीवरून उतरलं, जमिनीला चिकटलं आणि त्याला झाली. भावाच्या धोतराच्या कडेपर्यंत ओघळ गेला.

"बघितलंस?" मी म्हणालो. "रोज हेच. दोन महिने झाले. याला कितीही शिकवा, जात्याच घाणेरडं आहे ते."

भाऊ हसला. धोतर थोडं वर घेतलं. "घानेरडं न्हाई रं. ह्ये भ्यालंय. तुला भ्यालंय."

"मी काय केलंय त्याला? मारलंय का कधी?"

"माराया कशाला लागतंय? आबा मळ्यातनं आलं की आपलं तांबडं कुत्रं आसंच करायचं. दिसभर काय न्हाई, आन आबाची चाहूल लागली की जाग्याव. तुला आठवत न्हाई व्हय?"

आठवत होतं. आमचे वडील, आबा, त्या कुत्र्याला जात्याच घाणेरडं म्हणायचे. हाच शब्द.

मी हसायचा प्रयत्न केला. बायको पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. मी तिच्याकडे बघितलं, म्हणजे तिने तरी म्हणावं की नाही हो भावजी, तसं काही नाही. ती फरशीवरच्या ओघळाकडे बघत राहिली. तिचा हातही वर झाला नाही.

तेवढ्यात मुलगी बोलली. माझ्याकडे न बघता, पिल्लाकडे बघत. "ते मुद्दाम करत नाही काका. आपोआप होते. मला पण व्हायची."

"तुला कवा, बाय?" भावाने विचारलं.

"दुसरीत. पप्पा पाढे घ्यायचे तेव्हा."

मला पाढे आठवले. जेवणाआधी मी तिला याच खोलीतल्या, अजून तिथेच असलेल्या लाकडी खुर्चीवर बसवायचो. सातचा पाढा, सात सक्कं, ती अडली की मी म्हणायचो, पुन्हा पहिल्यापासून. मला खुर्चीखालचं पाणी आठवलं. तेही एकदाच नव्हतं. बायको धावत यायची आणि म्हणायची, अहो, पाणी सांडलं माझ्याकडून. आणि मी तिलाही बोलायचो, की तुला एक तांब्या धड धरता येत नाही. मुलगी मान खाली घालून बसलेली असायची, भिजलेल्या फ्रॉकवर. दोघींनी मिळून माझ्यापासून ते लपवलं होतं आणि मी दोघींवर ओरडलो होतो, सांडलेल्या पाण्यावरून. एवढी वर्षं तेव्हाचं काही मला आठवायचं तर तिचे पाढे चोख झाले हेच आठवायचं. मी ते लोकांना सांगायचो.

मला खूप लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

भावाला काय समजायचं ते समजलं असावं. तो उठला, धोतर झटकलं आणि पिशवीकडे बघत म्हणाला, "मंग? नेऊ का ह्याला? गाडी उभी हाय. बोल बाबा काय ते."

मला 'नको' म्हणायचं होतं. एवढंच, एक शब्द. मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि बघितलं तर मुलीचे खांदे कानापर्यंत वर गेले होते. डोळे घट्ट मिटलेले. मी काय म्हणणार आहे हे तिला माहीत नव्हतं, तिने फक्त माझा श्वास ऐकला होता. तिच्या पायापाशी पिल्लाला पुन्हा थोडी झाली. माझ्या घरात माझ्या 'नको'लाही सगळे असेच अंग चोरत होते.

मी खाली बसलो. गुडघे दुखतात म्हणून मी खाली बसत नाही, पण बसलो, पिल्लापासून लांब, खिडकीकडे तोंड करून. "नको नेऊ, दादा," मी म्हणालो. एवढा हळू आवाज मला माझाच ओळखू आला नाही. भावाने, "आं?" असं विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

मग मी फडकं मागितलं. त्यांना वाटलं, नेहमीसारखं मी पुसायला सांगतोय. बायको वाकायला लागली तेव्हा मी म्हणालो, मी पुसतो, फडकं कुठे असतं? घर माझ्या नावावर आहे आणि त्यात फरशी पुसायचं फडकं कुठे असतं, हे मला माहीत नव्हतं. मुलगी उठली, मागच्या दाराकडे गेली, फडकं आणि व्हिनेगरच्या पाण्याची बाटली घेऊन आली. जवळ आली नाही. हात लांब करून तिने ते माझ्याकडे धरलं. मी घेतल्यावर ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

मी पुसायला लागलो. भाऊ ओट्यावर जाऊन बसला. बायकोची तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, ती आत पळाली. पिल्लू जिथल्या तिथे पडून माझ्या हाताकडे बघत होतं, मी त्याच्याकडे बघितलं नाही. फरशी गार होती. दोन्ही ठिकाणचं पुसून झाल्यावर मी फडकं पिळलं आणि उठायला लागलो.

"पप्पा," मुलगी म्हणाली. मी थांबलो. ती भिंत सोडून एक पाऊल पुढे आली होती आणि बोट दाखवत होती. "नीट नाही पुसलं. तिकडे खुर्चीखाली राहिलंय."

मी पुन्हा खाली बसलो आणि खुर्चीखाली पुसलं.